राखणीच्या श्वानातील खुब्याची व सांध्यांची वेदना

गाय लंगडली तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला निरोप जातो. बैलाच्या खुराला इजा झाली तर औत थांबते. शेतावरचा कुत्रा लंगडू लागला तर मात्र ‘काटा भरला असेल, निघेल आपोआप’ असे म्हणत आठवडे, क्वचित महिनेही जातात. यामागे केवळ उपेक्षा आहे असे म्हणता येणार नाही. वेदना लपविण्याची या प्राण्याची क्षमताच मोठी आहे. रानडुकराची चाहूल लागली की दुखऱ्या पायाचा कुत्राही पाय विसरून धावतो, आणि धावतो आहे म्हणजे त्याचे बरे चालले आहे असा मालकाचा समज होतो. सकाळी तोच कुत्रा उठताना आधी पुढचे पाय रोवतो, क्षणभर थांबतो आणि मग कंबर उचलतो. हे पाहायला त्या वेळी गोठ्यात सहसा कोणी नसते.

राखणीच्या, मेंढपाळीच्या आणि घरच्या चपळ कुत्र्यांमध्ये खुब्याचे दुखणे हे मागच्या पायांच्या जुनाट लंगडण्याचे एक प्रमुख कारण आहे. जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड अशा मोठ्या, वजनदार जातींत ते अधिक आढळते. या जाती आता शहरातच नव्हे, तर द्राक्षबागा, कुक्कुटपालन शेड आणि फार्महाऊसवरही मोठ्या संख्येने पाळल्या जातात. त्यामुळे हा विषय विस्तार कार्यकर्त्यांच्या कक्षेबाहेरचा राहिलेला नाही.

सांध्यात नेमके काय घडते

खुब्याचा सांधा म्हणजे वाटी आणि गोळा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडातील खोलगट वाटीत बसतो. हिप डिसप्लेशिया या विकारात वाटी उथळ राहते, सांध्याचे बंध सैल पडतात आणि गोळा वाटीत घट्ट न बसता प्रत्येक पावलागणिक थोडा सरकतो. पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे खुबे सहसा चांगलेच असतात. सैलपणा पुढील आठवड्यांत व महिन्यांत येतो. दोष आनुवंशिक आहे, परंतु तो एका जनुकाचा नाही. अनेक जनुके मिळून प्रवृत्ती ठरवतात आणि ती प्रवृत्ती कितपत प्रकट होईल हे बऱ्याच अंशी वाढीचा वेग, आहार आणि वजन ठरवितात. येथेच पशुपालकाच्या हाती काही उरते.

सरकणाऱ्या गोळ्यामुळे हाडावरील गुळगुळीत कूर्चा झिजते. सांध्यातील वंगणद्रव पातळ होतो, आवरणाला सूज येते, आणि शरीर त्या अस्थिर सांध्याला जणू टेकू देण्यासाठी कडेने नवे हाड रचू लागते. हाच पुढे जुनाट संधिवात होतो. म्हणून लक्षणे दोन वयोगटांत दिसतात. पाच ते दहा महिन्यांच्या पिल्लात सैलपणामुळे वेदना होते. मधल्या काळात ती पुष्कळदा ओसरते, आणि मालकाला वाटते की पोर वाढले, दुखणे गेले. प्रौढ वयात तोच सांधा झिजलेल्या स्वरूपात पुन्हा बोलू लागतो.

लंगडण्याआधीची लक्षणे

लंगडणे हे उशिराचे लक्षण आहे. दोन्ही खुबे सारखेच दुखत असतील तर कुत्रा लंगडतही नाही, कारण कोणत्या पायावरून भार काढावा हेच त्याच्यापुढे नसते. त्याऐवजी त्याची चाल बदलते. मागील दोन्ही पाय जोडीने उचलून तो सशासारखा उड्या मारत धावतो. चालताना कंबर डाव्या-उजव्या बाजूला डुलते. बसताना सरळ न बसता एका कुल्ल्यावर कलतो. पूर्वी एका झेपेत ट्रॉलीवर चढणारा कुत्रा आता चाकाजवळ उभा राहून मालकाकडे पाहतो. उभ्या कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार मुळातच पुढच्या पायांवर असतो. खुबे दुखू लागले की तो आणखी पुढे सरकतो. परिणामी छाती-खांदे भरदार आणि मांड्या सुकलेल्या, अशी विजोड ठेवण तयार होते. पुष्कळ मालक या भरदार छातीचे कौतुकच करतात!

क्षेत्रभेटीत यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. कुत्र्याला सपाट जागेवर दोरीने सावकाश चालवावे आणि मागून, मग बाजूने पाहावे. शिवणकामाच्या फितीने दोन्ही मांड्यांचा घेर एकाच उंचीवर मोजावा. एक मांडी स्पष्टपणे बारीक असेल तर तो पाय बरेच दिवस चुकविला जात आहे असे समजावे. मागील पायांची नखे पुढच्या बाजूने घासली आहेत का, हेही पाहावे, कारण पाय ओढत चालणाऱ्या कुत्र्यात ती तशी झिजतात आणि तेव्हा दोष खुब्यापेक्षा पाठीच्या कण्यातील मज्जेचा असण्याची शक्यता वाढते. पहाटे झोपेतून उठतानाचे, चालतानाचे आणि पायरी चढतानाचे एकेक मिनिटाचे चित्रीकरण मोबाइलवर करून ठेवावे. दवाखान्यात गेल्यावर भीतीने व उत्तेजनेने कुत्रा उत्तम चालून दाखवितो, हा सर्वच पशुवैद्यकांचा नित्याचा अनुभव आहे. घरचे चित्रीकरण तेथे उपयोगी पडते.

प्रत्येक लंगडणे खुब्याचे नसते

आपल्याकडील परिस्थितीत हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. परदेशी माहितीपत्रकांत चपळ कुत्रा लंगडला की खुबा किंवा गुडघा, एवढाच विचार पुष्कळदा असतो. भारतात त्याआधी गोचीड आठवली पाहिजे.

तपकिरी गोचिडीमार्फत पसरणारा एर्लिकिया कॅनिस हा जंतू पांढऱ्या रक्तपेशींत वाढतो आणि काही कुत्र्यांत अनेक सांध्यांना एकाच वेळी सूज आणतो. आज उजवा पाय, चार दिवसांनी डावा, अशी लंगड जागा बदलत असेल, सोबत ताप, मंदावलेली भूक, फिकट हिरड्या किंवा नाकातून रक्त येणे असेल, तर क्ष-किरणापेक्षा रक्ततपासणी आधी करावी. प्लेटलेट कमी झालेल्या अशा कुत्र्याला ‘सांधेदुखी’ म्हणून वेदनाशामक देत राहणे धोक्याचे ठरते, कारण रक्तस्राव वाढू शकतो. योग्य निदानानंतर डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारणतः २८ दिवसांचा असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रा पळू लागला म्हणून तो थांबवू नये. ही गोचीड भिंतींच्या फटींत, दगडी कुंपणात आणि कुत्र्याच्या निजण्याच्या जागेत अंडी घालते. तेव्हा अंगावरच्या गोचिडी वेचून काम भागत नाही, जागेचाही बंदोबस्त करावा लागतो.

चपळ प्रौढ कुत्रा धावता धावता अचानक एक मागचा पाय उचलून धरू लागला, तर गुडघ्यातील अस्थिबंध तुटल्याची शंका घ्यावी. वाहनाचा धक्का लागल्यानंतर खुबा निखळलेला असू शकतो. तो काही दिवसांच्या आत बसविला तर फायदा होतो, महिन्याने नेल्यास बसविणे कठीण जाते. बाभळीचा काटा पंजाच्या गादीत तुटून राहणे हेही अगदी सामान्य कारण, म्हणून प्रथम पंजा उलटून पाहावा.

आणि एक गंभीर इशारा. मागील भागात अचानक अशक्तपणा येऊन तो पुढे सरकत असेल, जबडा लोंबत असेल, लाळ गळत असेल किंवा आवाज बदलला असेल, तर तो अर्धांगवायूच्या स्वरूपातील रेबीज असू शकतो. ‘घशात हाड अडकले आहे’ म्हणून अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालण्याचा प्रकार ग्रामीण भागात घडतो. तसे कदापि करू नये. कुत्र्याला वेगळे बंदिस्त ठेवून तत्काळ शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. कुत्रा चावला असेल, किंवा त्याची लाळ जखमेला, डोळ्यांना वा तोंडाला लागली असेल, तर ती जागा वाहत्या पाण्याने (जखम असल्यास साबण लावून) किमान १५ मिनिटे धुवावी व लगेच रुग्णालयात जावे.

औषधांच्या बाबतीत

मेडिकलच्या दुकानातून आणलेली माणसांची गोळी कुत्र्याला देणे हा या दुखण्यातील सर्वांत मोठा धोका आहे. आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांमुळे कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामोल जास्त झाल्यास यकृतावर आघात होतो. मांजराला तर त्याची एक गोळीही प्राणघातक ठरते. कुत्र्यांसाठी पशुवैद्यक जे मेलॉक्सिकॅम वापरतात, त्याची मात्रा पहिल्या दिवशी प्रति किलो वजनास ०.२ मिलिग्रॅम आणि त्यानंतर ०.१ मिलिग्रॅम असते. म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याला रोजची मात्रा दीड मिलिग्रॅम. माणसांसाठीची गोळी १५ मिलिग्रॅमची मिळते. एक पूर्ण गोळी दिली की दहापट मात्रा झाली. हे गणित पशुपालकांना सांगितले तर निराळ्या उपदेशाची गरज पडत नाही.

दोन वेदनाशामके एकाच वेळी, किंवा वेदनाशामकाबरोबर स्टेरॉइडचे इंजेक्शन, ही जोडी टाळलीच पाहिजे. काळी विष्ठा, उलटी किंवा अन्न नाकारणे दिसताच औषध थांबवून दवाखाना गाठावा. दीर्घकाळ औषध चालू राहणार असेल, तर यकृत व मूत्रपिंडांची रक्ततपासणी आधी आणि नंतर ठरावीक अंतराने करून घ्यावी.

डायक्लोफेनॅकविषयी आणखी थोडे सांगणे क्रमप्राप्त आहे. हे औषध दिलेल्या जनावरांची कलेवरे खाऊन भारतातील गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मोठ्या संख्येने मेली, आणि २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व एसिक्लोफेनॅक यांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी घालण्यात आली. तरीही माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक गुरांना आणि कुत्र्यांना टोचले जाते, हे क्षेत्रात फिरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. राखणीचा कुत्रा मेल्यावर त्याला अनेकदा माळावर टाकून दिले जाते. मग त्याच्या शरीरातील औषध कोणाच्या पोटात जाईल याचा भरवसा नाही. मेलॉक्सिकॅम गिधाडांसाठी सुरक्षित असल्याचे सिद्ध झालेले आहे. अर्थात मेलेला कुत्रा खोल पुरणे हेच इष्ट.

ग्लुकोसामाइनच्या गोळ्या व पावडरी बाजारात भरपूर आहेत. त्यांच्या परिणामाचा पुरावा दुबळा आहे. माशाच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्लांविषयीचा पुरावा त्या मानाने बरा आहे. हाती मर्यादित पैसे असतील तर ते पुरवणी आहारावर खर्च करण्यापूर्वी वजनाकडे पाहावे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

वजन हेच पहिले औषध

या संदर्भात अमेरिकेतील एक दीर्घकालीन प्रयोग मुद्दाम माहीत असावा असा आहे. ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या एकाच वेतातील जोड्या लावण्यात आल्या. जोडीतील एकाला जेवढे अन्न मिळे, त्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दुसऱ्याला, आणि तेही आयुष्यभर. कमी खाणाऱ्या गटाचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे भरले, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे. खुब्याच्या संधिवाताची चिन्हे क्ष-किरणात दिसू लागण्याचे वयही कमी खाणाऱ्या गटात कित्येक वर्षांनी पुढे गेले. येथे औषध एकही नव्हते. आधीच लठ्ठ व लंगड्या असलेल्या कुत्र्यांत शरीराच्या वजनात सुमारे सहा टक्के घट झाली तरी लंगडणे मोजण्याइतके कमी होते, असेही अभ्यासात दिसून आले आहे. ३० किलोच्या कुत्र्यात ही घट दोन किलोदेखील नाही.

वजन काटा नसला तरी हात असतो. मूठ वळून बोटांच्या गाठींवरून दुसऱ्या हाताचे बोट फिरवावे: फासळ्या अशा लागत असतील तर कुत्रा रोड आहे. हात सरळ पसरून पंजाच्या पाठीवरून बोट फिरवावे: फासळ्या अशा लागणे योग्य. तळहाताच्या गादीसारख्या लागत असतील तर कुत्रा लठ्ठ आहे. वरून पाहता कंबर दिसली पाहिजे.

आपल्या घरांत कुत्र्याचे अन्न मोजले जात नाही. उरलेली भाकरी, मुलांनी टाकलेली बिस्किटे, सणाची पुरणपोळी, दुधावरची साय असे ते जमत जाते. १०० ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे ३४० किलोकॅलरी ऊर्जा असते. साधारण कामाच्या २५ किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला १,२०० किलोकॅलरींच्या आसपास पुरतात. मायेने ओतलेले एक मोठा चमचा तूप त्यातील जवळजवळ दहावा हिस्सा खाऊन टाकते. दिवसाचे अन्न सकाळीच एका भांड्यात काढून ठेवावे आणि घरातील सर्वांनी त्यातूनच घालावे, ही साधी व्यवस्था पुरेशी ठरते. उपास घडवून वजन एकदम उतरविण्याचा प्रयत्न मात्र करू नये. स्नायू टिकविण्यासाठी अंडी, शिजविलेले मांस किंवा मासे यांतून प्रथिने मिळत राहिली पाहिजेत.

साखळी आणि धाव

शेतावरील कुत्र्याचा सर्वसाधारण दिनक्रम असा: दिवसभर सिमेंटच्या ओट्यावर साखळीला, रात्री मोकळा. दहा-बारा तास आखडलेले सांधे अंधारात एकदम पूर्ण वेगाने धावतात, वळतात, चर ओलांडतात. दुखऱ्या खुब्याला याहून वाईट दिनक्रम सुचणे कठीण. आणि कुत्रा लंगडू लागला की उपाय म्हणून काय होते? ‘विश्रांती’ म्हणून रात्रीही साखळी. त्याने मांडीचे स्नायू आणखी सुकतात, आणि सैल सांध्याला सावरून धरणारे ते स्नायूच तर असतात. याउलट कळपाबरोबर दिवसभर सावकाश चालणाऱ्या मेंढपाळाच्या कुत्र्याचे स्नायू बांधलेले राहतात. त्याला सोसत नाही ती अचानक पल्लेदार धाव आणि उंचावरून उडी.

तीव्र वेदनेचे काही दिवस सोडल्यास व्यायाम बंद करू नये. तो विभागून द्यावा. सुरुवातीला दोरीला धरून दहा ते पंधरा मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा, मातीच्या पायवाटेवर सावकाश चालवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्रा अधिक आखडलेला दिसला तर कालचा व्यायाम जास्त झाला असे समजून वेळ कमी करावा. तसे नसेल तर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. रात्री राखणीला सोडण्यापूर्वी असेच दहा मिनिटे चालविल्यास सांधे मोकळे होतात. चेंडू फेकून धावविणे, दुचाकीमागे पळविणे, ट्रॉलीतून उडी मारू देणे थांबवावे. ट्रॉलीला फळीचा उतार लावणे मुळीच अवघड नाही.

पोहण्याने सांध्यावर भार न येता स्नायू कामाला लागतात, म्हणून ते उत्तम. परंतु प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्यात कुत्र्याला कधीही सोडू नये. तिरप्या, बुळबुळीत अस्तरावर पंजे टिकत नाहीत आणि पोहता येणारे जनावरही वर येऊ न शकल्याने बुडते. उथळ, मातीच्या काठाचा ओढा किंवा तळे निवडावे आणि छातीला पट्टा बांधून दोरी हातात ठेवावी.

निजण्याच्या जागेत दोन गोष्टी पाहाव्यात: गारवा आणि घसरण. फरशीवर गोणपाटाच्या तीन-चार घड्या किंवा भाताच्या पेंढ्याने भरलेले पोते घालावे. गुळगुळीत फरशीवर उठताना मागचे पाय फाकतात, तेथे रबरी चटई अंथरावी. थंडीत गरम वाळूच्या पुरचुंडीने दहा मिनिटे शेक द्यावा. ती आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहावी. सांधा गरम व सुजलेला असेल तेव्हा शेक देऊ नये. दुखरा भाग चोळण्याचा अट्टहासही नको, कारण वेदनेतील कुत्रा मालकालाही चावतो.

पिल्लू आणताना

मोठ्या जातीचे पिल्लू लवकर ‘दिसावे’ म्हणून त्याला भरपूर खाऊ घालणे आणि वर कॅल्शियमचे औषध पाजणे, ही चूक सुशिक्षित घरांतही होते. पिल्लांसाठीच्या संतुलित आहारावर वाढणाऱ्या पिल्लाला वेगळे कॅल्शियम देऊ नये. मोठ्या जातीच्या पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम पूर्णपणे नाकारता येत नाही आणि हाडांची घडण बिघडते. केवळ भाकरी-भात किंवा केवळ मांसावर वाढणाऱ्या पिल्लाची अडचण नेमकी उलट असते: तेथे कॅल्शियम खरोखरच कमी पडते, हाडे वाकतात व मोडतात. म्हणून पिल्लू काय खाते हे पाहिल्याशिवाय सल्ला देऊ नये. मोठ्या जातीच्या पाळीव कुत्र्याची नसबंदी वर्षाच्या आत करण्याने सांध्यांचे विकार वाढतात असे जर्मन शेफर्ड व गोल्डन रिट्रीव्हर यांवरील अभ्यासांत आढळले आहे. योग्य वय पशुवैद्यकाला विचारून ठरवावे.

पिल्लू घेताना आई-बापाच्या खुब्यांचे क्ष-किरण चित्र मागावे. बहुतेक विक्रेत्यांकडे ते नसते, पण मागणी झाल्याशिवाय ते निघणारही नाही. ज्या नर-मादीला हा विकार आहे, त्यांचा प्रजननासाठी वापर करू नये.

आणि राखणीसाठी परदेशी वजनदार जातच हवी, हा आग्रह तपासून पाहण्यासारखा आहे. सडपातळ बांध्याच्या, मांडीचे स्नायू भरदार असलेल्या शिकारी जातींत खुब्याचा हा विकार विरळा आढळतो. मुधोळ हाऊंड, राजपालयम व चिप्पीपराई या जातींची नोंद कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने केलेली आहे. यांपैकी मुधोळ व चिप्पीपराई या सडपातळ बांध्याच्याच जाती. मुधोळ हाऊंड तर महाराष्ट्राच्या दक्षिण भागात कारवान म्हणून पिढ्यान्पिढ्या परिचित आहे. त्यांना सांधेदुखी होतच नाही असे नव्हे. परंतु ४० किलोचा जर्मन शेफर्ड आणि २५ किलोचा कारवान यांच्या खुब्यांवर पडणारा भार सारखा नसतो.

शस्त्रक्रियेचा पर्याय

आहार, व्यायाम आणि औषधे यांनी भागत नसेल तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार करावा. मांडीच्या हाडाचा माथा काढून टाकण्याची शस्त्रक्रिया हलक्या कुत्र्यांत चांगले फळ देते. स्नायूंच्या आधाराने तेथे नवा, वेदनारहित जोड तयार होतो. वजनदार कुत्र्यात निकाल तितका खात्रीचा नसतो. कृत्रिम सांधा बसविण्याची सोय मोजक्याच ठिकाणी आहे व ती खर्चिक आहे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी व उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांची चिकित्सालये आहेत. राज्याबाहेरील वाचकांना इज्जतनगर येथील भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था, चेन्नईचे मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा लुधियानाचे गुरू अंगद देव पशुवैद्यकीय विद्यापीठ जवळचे पडेल. खुब्याचे क्ष-किरण चित्र नीट यावे यासाठी कुत्र्याला सहसा भूल द्यावी लागते. तेव्हा उपाशीपोटी किती तास ठेवायचे हे आदल्या दिवशी दूरध्वनीवर विचारून घ्यावे, आणि निघताना मोबाइलवरील चित्रीकरण, आजवर दिलेल्या औषधांची वेष्टने व रेबीज लसीकरणाचे कार्ड सोबत ठेवावे.